२ जीबीला टेकलेली ॲक्सेस फाइल आणि अर्ध्यावर थांबणारे कॉम्पॅक्ट: फोंडा तालुक्यातील एका देवस्थानचे प्रकरण

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या कार्यालयात महाजनांची (देवस्थानच्या नोंदणीकृत सभासदांची) नामावली, कुळाव्यांचे (हे दैवत कुळाचे मानणाऱ्या घराण्यांचे) पत्ते, अभिषेक-लघुरुद्राच्या पावत्या आणि दागिन्यांची नोंद हे सगळे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एकाच फाइलमध्ये होते. संगणक तीन: दोन काउंटरवर, एक कार्यालयात. फाइल कार्यालयातल्या संगणकावर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, आणि तिन्ही संगणक तीच फाइल थेट उघडत. माघातली जत्रा तीन आठवड्यांवर आलेली. सोमवारी, म्हणजे पालखीच्या आणि गर्दीच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास नवी पावती सेव्ह होईना. पडद्यावर ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’ एवढेच दोन शब्द.

या दोन शब्दांनी पहिला तास खाल्ला. पावतीत तारीख चुकली असेल, रकमेच्या रकान्यात अक्षर पडले असेल, अशा समजुतीने तीच पावती पाच-सहा वेळा भरून झाली. त्यातली एखादी मध्येच सेव्ह व्हायची, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. खरा सुगावा दुपारी लागला. रोजमेळाचा रिपोर्ट काढताना वेगळा संदेश आला: क्वेरीचे (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे) उत्तर डेटाबेसच्या कमाल आकारापेक्षा, म्हणजे २ जीबीपेक्षा, मोठे आहे किंवा डिस्कवर तात्पुरती जागा पुरत नाही. डिस्कवर १८० जीबी मोकळे होते. फाइलच्या प्रॉपर्टीज उघडल्या तर आकार २०,९७,१४८ केबी.

एक पान शिल्लक

ॲक्सेसची फाइल ४ केबीच्या पानांची बनलेली असते. अशी जास्तीत जास्त ५,२४,२८८ पाने बसतात. त्यांचे होतात २०,९७,१५२ केबी, म्हणजे बरोबर २ जीबी. देवस्थानची फाइल त्याहून ४ केबी लहान होती. एकच पान उरले होते. ॲक्सेस २००० पासूनच्या एमडीबी फायलींना आणि २००७ पासूनच्या एसीसीडीबी फायलींना हीच मर्यादा आहे. ॲक्सेस ९७ मध्ये ती १ जीबी होती. मर्यादा वाढवणारी कुठलीही सेटिंग नाही. ६४ बिटांचे ऑफिस बसवले तरी ती हलत नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊन कोणी वेळ घालवू नये.

‘कधी सेव्ह होते, कधी होत नाही’ याचे कारणही पानांतच आहे. आधीच्या एखाद्या पानात तीनशे-चारशे बाइट मोकळे असले की पावती तिथे मावते. नवे पान लागले की अडते. फॉर्मचा किंवा काउंटरवरच्या माणसाचा यात काही दोष नसतो.

कॉम्पॅक्ट म्हणजे आवळणे नव्हे

कार्यालयाने जे कोणीही करेल तेच केले. डेटाबेस टूल्समध्ये जाऊन ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर डेटाबेस’ दाबले. चार वेळा दाबले, एकदा तर रात्रभर चालू ठेवले. सकाळी फाइल तेवढीच आणि फोल्डरमध्ये ‘डेटाबेस’, ‘डेटाबेस१’, ‘डेटाबेस२’, ‘डेटाबेस३’ अशा चार अनोळखी फायली. तिथल्या एकाने त्या पुसायला घेतल्या होत्या. सुदैवाने पुसल्या गेल्या नाहीत, कारण निदानाची निम्मी माहिती त्यांतच होती.

नावावरून वाटते की कॉम्पॅक्ट फाइलला आतल्या आत दाबून लहान करते. तसे होत नाही. ॲक्सेस त्याच फोल्डरमध्ये एक नवी कोरी फाइल उघडते, प्रत्येक टेबल प्रायमरी कीच्या (नोंदीची ओळख ठरवणाऱ्या रकान्याच्या) क्रमाने तिच्यात उतरवते, इंडेक्स (शोधासाठीच्या सूच्या) नव्याने बांधते आणि रिकामी पाने मागे सोडते. सगळे उतरले की जुनी फाइल पुसून नवीला जुनीचे नाव देते. म्हणून कॉम्पॅक्ट पुरे व्हायला फाइल एकट्याच्या ताब्यात हवी, डिस्कवर दोन्ही फायली मावतील एवढी जागा हवी, फोल्डरमध्ये फाइल पुसण्याचा अधिकार हवा आणि प्रत्येक टेबलातली प्रत्येक नोंद वाचता यायला हवी. यातले एकही तुटले तर मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि नवी प्रत, बहुधा अर्धवट, मागे उरते.

मागे उरलेल्या प्रतींचा आकार पाहिला की कुठे तुटले ते बरेचसे कळते. डिस्क भरल्याने थांबले असेल तर त्या त्या वेळी जागा किती होती त्याप्रमाणे आकार वेगवेगळे येतात. पुसण्याचा अधिकार नसेल तर प्रत पूर्ण असते, ती उघडते, आणि शेवटी ॲक्सेस सांगते की मूळ फाइल पुसता आली नाही म्हणून नवी अमुक नावाने ठेवली आहे. इथे चारही फायली ११,४२,००० केबीच्या आसपास होत्या, फरक फक्त काहीशे केबींचा. म्हणजे गाडी दर वेळी एकाच जागी अडत होती. एकाच जागी अडणे म्हणजे वाचता न येणारी नोंद.

मात्र तो एकटाच दोष नव्हता, आणि अशा प्रकरणांत तो सहसा एकटा नसतो. एक दोष काढला की मागचा दुसरा दिसतो. घाईतल्या माणसाला तोवर वाटते की पहिला उपाय चुकला, आणि तो उलट दिशेला लागतो.

सगळ्यांना बाहेर काढणे

दोन्ही काउंटरचे संगणक बंद केले आणि छापील पावतीपुस्तके काढली. दुरुस्ती संपेपर्यंत पावत्या हाताने फाडायच्या, क्रमांक वेगळ्या मालिकेतले. अर्धवट चालणाऱ्या फाइलमध्ये नोंदी घालत राहण्यापेक्षा दोन दिवस हाताने लिहिणे केव्हाही बरे.

सगळे बाहेर पडले तरी फाइलशेजारची एलएसीसीडीबी ही कुलूपफाइल तशीच होती. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती आपोआप पुसली जायला हवी. ती नोटपॅडमध्ये उघडता येते. प्रत्येक वापरकर्त्यासाठी ६४ बाइट, त्यातले पहिले ३२ संगणकाच्या नावाचे आणि पुढचे ३२ ॲक्सेसमधल्या वापरकर्ता-नावाचे. पण एक लक्षात ठेवावे: बाहेर पडलेल्यांची नावेही तिच्यात राहतात, तेव्हा नाव दिसले म्हणून त्याच माणसाने फाइल उघडी ठेवली असे ठरत नाही. फाइल खरोखर कोणाकडे उघडी आहे ते तिच्या यजमान संगणकावर, कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधल्या ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली ‘ओपन फाइल्स’मध्ये दिसते. तिथे यादी रिकामी होती. तरी कुलूपफाइल होती.

फोल्डरचे अधिकार पाहिल्यावर उलगडा झाला. कर्मचाऱ्यांच्या खात्यांना वाचण्याचा आणि लिहिण्याचा अधिकार होता, पुसण्याचा काढून घेतला होता. कोणाच्या हातून डेटाबेस चुकून उडू नये म्हणून केव्हातरी चांगल्या हेतूने केलेले हे काम. पण त्यामुळे कुलूपफाइल पुसली जात नव्हती, आणि नोंद वाचता आली असती तरी काउंटरच्या खात्यातून केलेले कॉम्पॅक्ट शेवटच्या पायरीवर अडलेच असते. ॲक्सेसचा फोल्डर वापरणाऱ्याला ‘मॉडिफाय’ अधिकारच द्यावा लागतो. चुकून पुसले जाण्यावर उपाय बॅकअपचा.

भर म्हणजे चारही प्रयत्न काउंटरच्या संगणकावरून, वाय-फायवरून झाले होते. २ जीबी हवेतून ओढून पुन्हा हवेतूनच लिहायचे, आणि मध्ये एक क्षण जोड तुटली की सगळे वाया. कॉम्पॅक्ट नेहमी त्याच संगणकाच्या डिस्कवर करावे.

दोन प्रती आणि एक कोरी फाइल

मूळ फाइलची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ‘रीड-ओन्ली’ केली आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवली. दुसरी प्रत कार्यालयातल्या संगणकाच्या एसएसडीवर, शेअर नसलेल्या फोल्डरमध्ये. सगळे काम या दुसऱ्या प्रतीवर. २ जीबीच्या फाइलसाठी ७-८ जीबी मोकळे असले की अडचण येत नाही. ॲक्सेस क्रम लावताना विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्येही फायली करते, तेव्हा तो ज्या ड्राइव्हवर आहे तिथेही जागा पाहावी. फोल्डर क्लाउडशी सिंक होत असेल तर सिंक थांबवावे.

भरलेली फाइल उघडून तिच्यातच क्वेरी बनवत बसू नये, ही या प्रकरणातली सर्वात उपयोगी गोष्ट. क्वेरी सेव्ह करायलाही पान लागते, आणि पान नसते. त्याऐवजी नवी कोरी फाइल करून तिच्यातून जुनीची टेबले लिंक (जागेवरच ठेवून वाचणे) किंवा इम्पोर्ट (उतरवून घेणे) करावीत. जुनी उघडावीच लागली तर शिफ्ट दाबून ठेवून उघडावी, म्हणजे सुरुवातीचा फॉर्म आणि फाइल उघडताच आपोआप चालणारा ऑटोएक्झेक मॅक्रो चालत नाहीत.

पुढे प्रत्येक टेबलाचे वजन काढले. रीत साधी: टेबल एकटेच एका कोऱ्या फाइलमध्ये इम्पोर्ट करायचे, फाइलचा आकार पाहायचा, कोऱ्या फाइलचे काहीशे केबी वजा करायचे. पावत्या १,८६,००० नोंदी, ६१ एमबी. दागिने २१० नोंदी, १८६ एमबी. किरकोळ टेबले सगळी मिळून ३ एमबी. महाजनांचे टेबल अर्ध्यावर थांबले.

इथे कार्यालयातला एक जुना संशय निघाला: नावे आणि गोत्रे मराठीत लिहिल्यामुळे फाइल फुगली असणार. संशयाला थोडा आधार आहे. ॲक्सेस अक्षरे युनिकोडमध्ये, प्रत्येकी २ बाइटांत ठेवते. ‘युनिकोड कॉम्प्रेशन’ चालू असेल तर रोमन अक्षरे १ बाइटात बसतात, देवनागरीला ती सवलत मिळत नाही. पण हिशेब करून पाहावा. १,८६,००० पावत्या, प्रत्येकीत नाव-गोत्र-गाव मिळून ४० अक्षरे धरली तर २ बाइटांप्रमाणे १४ एमबी होतात. रोमनमध्ये लिहिले असते तर ७. अडीच तपे पावत्या फाडल्या तरी हा फरक एखाद्या लग्नाच्या फोटोंएवढाच राहील. मराठीत बिनधास्त लिहावे. फक्त टेबलांची आणि रकान्यांची नावे रोमन ठेवावीत, कारण व्हीबीए या ॲक्सेसमधल्या प्रोग्रामिंग भाषेच्या संपादकात देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.

न वाचता येणारी नोंद शोधणे

महाजनांच्या टेबलात ३,४०० नोंदी. इम्पोर्ट थांबताना संदेश असा की तुम्ही आणि दुसरा वापरकर्ता एकाच वेळी तीच माहिती बदलत आहात. दुसरा वापरकर्ता नव्हताच. फाइल एका संगणकावर, एका माणसासमोर. ३१९७ क्रमांकाची ही त्रुटी एकट्याने काम करताना आली की बहुतेक वेळा लाँग टेक्स्ट रकान्याकडे बोट असते. लांब मजकूर नोंदीच्या पानावर न ठेवता ॲक्सेस दुसऱ्या पानावर ठेवते आणि नोंदीत फक्त त्या पानाचा पत्ता लिहिते. पत्ता बिघडला की वाचणारा भलत्याच पानावर जाऊन पोचतो. (‘सर्च की सापडली नाही’ हा ३७०९ क्रमांकाचा संदेशही याच घराण्यातला.)

टेबलातल्या नोंदींची मोजणी केली तर ३,४०० बरोबर येत होती. त्यावर विसंबू नये. मोजताना ॲक्सेस लांब मजकुराला हातच लावत नाही. टिपणाच्या, म्हणजे इथल्या लाँग टेक्स्ट, रकान्याची लांबी विचारणारी क्वेरी चालवली तरच प्रत्येक पत्त्यावर जाऊन पाहिले जाते. म्हणून शोध असा घेतला: कोऱ्या फाइलमध्ये लिंक केलेल्या टेबलावर क्वेरी, महाजन क्रमांक १ ते १७०० आणि टिपणाची लांबी. चालली. १७०१ ते ३४००: अडली. १७०१ ते २५५०: अडली. असे अर्धे-अर्धे करत गेले की ३,४०० नोंदींत बारा फेऱ्यांत एक नोंद सापडते. अडताना ॲक्सेस कधी कधी बंदच पडते, म्हणून तपासलेल्या टप्प्यांची यादी कागदावर ठेवलेली बरी. सापडल्या दोन नोंदी, शेजारशेजारच्या: २२१७ आणि २२१८. लिंक केलेल्या टेबलात त्यांच्या टिपणाच्या रकान्यात ‘एरर’ दिसत होते, बाकीचे रकाने स्वच्छ.

‘शेवटचा बदल’ या रकान्यात दोन्हींची तारीख जुलैतली, एकाच संध्याकाळची, चार मिनिटांच्या अंतराने. संगणकाला यूपीएस होता, नेटवर्कच्या स्विचला नव्हता. पावसाळ्यात माडाचे चुडत तारेवर पडले की वीज जाते. संगणक चालू राहतो, स्विच विझतो, आणि लिहिता लिहिता जोड तुटते. ॲक्सेसच्या फाइलला याहून वाईट काही नाही.

या तारखेमुळे दुसरीही गोष्ट स्पष्ट झाली. कार्यालय दर आठवड्याला बॅकअप घेत होते आणि शेवटचे चार ठेवत होते. चारही जुलैनंतरचे, म्हणजे चारहींत त्या दोन नोंदी बिघडलेल्याच. उपयोगी पडली ती हिशेबतपासणीसाठी ३१ मार्चला वेगळी काढलेली प्रत. दोन्ही टिपणे तिच्यातून घेतली, आणि मार्च ते जुलैमध्ये काही भर पडली होती का ते कागदी अर्जांवरून पाहिले. एकात पत्ताबदल होता, तो पुन्हा लिहिला.

दुरुस्तीच्या साइटवर फाइल चढवण्याची सूचनाही कोणी केली होती. महाजनांचे जन्मदाखले आणि ओळखपत्रे ज्या फाइलमध्ये आहेत ती कुठल्याही अनोळखी सर्व्हरवर चढवू नये, दुरुस्ती फुकट असो वा पैसे घेऊन.

दोष सुटला तरी फाइल १,५७० एमबीची

आता खरा प्रश्न. त्या दोन नोंदी बाजूला काढून, अधिकार दुरुस्त करून कॉम्पॅक्ट झाले असते. आणि फाइल किती उरली असती?

महाजनांच्या टेबलात अटॅचमेंटचा रकाना होता. नव्या महाजनाचे नाव घालताना फोटो, जन्मदाखला आणि कधी लग्नाचा दाखला जोडलेला. अशा ३,१४० फायली, सरासरी ४३० केबी, एकूण १,३१८ एमबी. मजकूर जेमतेम २ एमबी. पावत्या, दागिने आणि किरकोळ टेबले यांत मिळवली की १,५७०. म्हणजे २,०४८ पैकी रिकामी जागा फक्त ४७८ एमबीच्या आसपास. कॉम्पॅक्ट एवढेच काढू शकते. खरी माहिती ते काढत नाही, आणि काढायलाही नको. देवस्थान समितीची निवडणूक तीन वर्षांनी येते आणि तिच्या आधीच्या वर्षात नवी नावे घालण्याची रीघ लागते. मागच्या वेळी एका वर्षात सुमारे ९०० फायली जोडल्या गेल्या होत्या, त्यांचेच ३७८ एमबी झाले. कॉम्पॅक्ट करून फाइल परत दिली असती तर पुढच्या निवडणुकीला हेच प्रकरण पुन्हा आले असते, कदाचित जत्रेच्याच तोंडावर. एवढ्यासाठी दुरुस्ती आणि मांडणी एकाच वेळी करणे रास्त होते.

ॲक्सेस अटॅचमेंट ठेवताना न दाबलेल्या फायली थोड्या दाबते. जेपीजी आधीच दाबलेली असते, तिथे काही हाती लागत नाही. दागिन्यांचे फोटो त्याहून जुने, ‘ओएलई ऑब्जेक्ट’ रकान्यातले. तिथे ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे चित्र न दाबलेल्या बिटमॅपच्या रूपात बसले होते: प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे ९,२१,६०० बाइट, बरोबर ९०० केबी. मूळ जेपीजी ९० केबींच्या आसपास असते.

४७८ एमबी रिकामी जागा आली कुठून? रोज संध्याकाळी रोजमेळासाठी एक मेक-टेबल क्वेरी वर्षभराच्या पावत्यांचे तात्पुरते टेबल करायची आणि रिपोर्टनंतर ते पुसायची. पुसल्याने पाने फाइलबाहेर जात नाहीत. फाइल एकदा वाढली की कॉम्पॅक्ट होईपर्यंत लहान होत नाही.

फोटो बाहेर काढणे

अटॅचमेंटचा रकाना अपेंड क्वेरीत (एका टेबलातल्या नोंदी दुसऱ्यात घालणारी क्वेरी) घालता येत नाही, ॲक्सेस सरळ नकार देते. म्हणून महाजनांचे मजकुराचे रकाने आधी नव्या टेबलात अपेंड केले: पहिल्या फेरीत २२१७ आणि २२१८ वगळून सगळे, दुसऱ्या फेरीत त्या दोघांचे टिपण सोडून बाकीचे. फायलींसाठी व्हीबीएत छोटा कोड. टेबल डीएओ रेकॉर्डसेट म्हणून, म्हणजे कोडला एकेक नोंद वाचता येईल असे, उघडायचे. प्रत्येक नोंदीत अटॅचमेंट रकान्याची किंमत हाच एक आतला रेकॉर्डसेट असतो. त्यातल्या ‘फाइलनेम’वरून विस्तार घ्यायचा आणि ‘फाइलडेटा’ला ‘सेव्हटुफाइल’ सांगायचे.

यात दोन ठिकाणी ठेच लागते. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ‘सेव्हटुफाइल’ तिच्यावर लिहीत नाही, त्रुटी देऊन थांबते. आणि मोबाइलवरून आलेल्या फोटोंची नावे वेगवेगळ्या नोंदींत सर्रास सारखी असतात. शिवाय काही दाखल्यांची नावे देवनागरीत होती, आणि व्हीबीएच्या जुन्या फाइल-आज्ञा त्यांची प्रश्नचिन्हे करतात. म्हणून नवे नाव फक्त अंकांचे: महाजन क्रमांक, आडवी रेघ, अनुक्रम. २२१७ च्या पहिल्या फोटोचे नाव ०२२१७-१. सगळ्या ३,१४० फायली अकरा मिनिटांत बाहेर आल्या.

नव्या टेबलात फक्त फाइलचे नाव ठेवले, पूर्ण मार्ग नाही. फोल्डरचा मार्ग सेटिंगच्या टेबलात एका ओळीत. उद्या फोल्डर दुसऱ्या संगणकावर गेला तर ती एकच ओळ बदलायची. फॉर्मवर इमेज कंट्रोलच्या ‘कंट्रोल सोर्स’मध्ये मार्ग आणि नाव जोडून दिले की फोटो दिसतो, दाखल्याच्या पीडीएफसाठी बटण. याची किंमत एक आहे, ती मान्य करावी लागते: आता बॅकअप म्हणजे फाइल आणि फोल्डर दोन्ही. नुसती फाइल नेली तर चेहरे मागे राहतात.

दागिन्यांचे २१० फोटो कोडने सहज सुटत नाहीत, कारण चित्राभोवती ओएलईचे वेष्टण असते. ते फॉर्ममधून कॉपी करून पेंटमध्ये पेस्ट करून जेपीजी म्हणून सेव्ह केले. दोघांचे अर्ध्या दिवसाचे काम. तेवढ्यांसाठी कोड लिहीत बसण्यात अर्थ नव्हता.

स्कॅनरची सेटिंगही बदलून दिली. ए-४ कागद ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केला की कच्चे चित्र २६ एमबीचे होते. १५० डीपीआयवर राखाडी केला की २.२ एमबी, बारावा हिस्सा. जन्मदाखला त्यात स्वच्छ वाचता येतो. फिकट शाईचे पोर्तुगीज काळातले दाखले मात्र ३०० वरच, रंगीतच ठेवायचे ठरले.

जुळवणी, आणि पावती क्रमांकाचा धोका

पावत्यांचे टेबल निरोगी होते, ते सरळ इम्पोर्ट केले. ॲक्सेस रकान्याच्या नावात आयडी, कोड, नम अशी अक्षरे दिसली की आपोआप इंडेक्स घालते. त्यामुळे एकाच रकान्यावर दोन-दोन इंडेक्स पडले होते. तीन काढले, टेबल ६१ वरून ५० एमबीवर आले.

मग तपासणी. जुन्या आणि नव्या फाइलमधल्या नोंदींची संख्या टेबलागणिक, पावत्यांच्या रकमेची बेरीज वर्षागणिक, फोल्डरमधल्या फायलींची संख्या, आणि पन्नास फोटो प्रत्यक्ष उघडून. प्रत्येक टेबलावर प्रायमरी की शिल्लक आहे का हे डिझाइनमध्ये जाऊन पाहिले. दुरुस्तीत दुबार किंमत आढळली तर ॲक्सेस की आणि तिच्यावरची नाती गुपचूप सोडून देते, आणि महिन्याभराने एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी दिसू लागतात.

एक गोष्ट खजिनदारांना मुद्दाम समजावून सांगावी लागली. पावतीचा क्रमांक ऑटोनंबर (ॲक्सेस आपोआप देते तो अंक) होता आणि रद्द पावती पुसली जायची. कॉम्पॅक्ट ऑटोनंबरला शेवटच्या उरलेल्या नोंदीच्या पुढच्या अंकावर आणून ठेवते. दिवसाची शेवटची पावती पुसली आणि रात्री कॉम्पॅक्ट झाले, तर तोच क्रमांक दुसऱ्या भक्ताच्या नावावर निघतो. आधीची छापील पावती एखाद्याच्या खिशात असतेच. आता पावती पुसली जात नाही, ‘रद्द’ असा शेरा पडतो आणि रक्कम बेरजेतून वगळली जाते. क्रमांकही वेगळ्या टेबलातून दिला जातो.

नवी मांडणी

टेबलांची फाइल कार्यालयातल्या संगणकावर, फॉर्म-रिपोर्टची फाइल प्रत्येक संगणकावर आपापली. रोजमेळाचे तात्पुरते टेबल त्या त्या संगणकावरच्या वेगळ्या फाइलमध्ये, जी रोज सकाळी नव्याने तयार होते. काउंटरचे दोन्ही संगणक वायरने जोडले. स्विच यूपीएसवर. ‘कॉम्पॅक्ट ऑन क्लोज’ बंद: ते फक्त उघडलेल्या, म्हणजे फॉर्मच्या फाइलवर चालते, टेबलांच्या फाइलला त्याचा उपयोग नाही. टेबलांच्या फाइलचे कॉम्पॅक्ट महिन्यातून एकदा, सगळे बाहेर असताना, आधी प्रत घेऊन. बॅकअपमध्ये चार आठवड्यांच्या जोडीला बारा महिन्यांच्या प्रती.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या डेटाबेसचा विचार झाला होता. २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मुभा आहे आणि ती फुकट आहे. पण फोटो बाहेर काढल्यावर टेबलांची फाइल ५६ एमबीची उरली. तेवढ्यासाठी सतत चालणारी सेवा, तिचे वेगळे बॅकअप आणि ते पाहणारा जाणकार माणूस देवस्थानवर लादणे योग्य वाटले नाही. एकाच वेळी काउंटर पंधरा-वीस झाले किंवा पावत्या घरबसल्या फाडायच्या झाल्या तर तो विचार पुन्हा करावा लागेल.

हाताने फाडलेल्या २६४ पावत्या बुधवारी संध्याकाळी नव्या फाइलमध्ये चढवल्या, त्यांची वेगळी क्रमांकमालिका तशीच ठेवून. कॉम्पॅक्ट दाबले, चार सेकंदांत पुरे झाले, कुलूपफाइल आपोआप गेली. कपाटातली रीड-ओन्ली प्रत जत्रेचा हिशेब तपासून होईपर्यंत हलवायची नाही, असे डिस्कवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवले आहे.